अमेरिकेत दवाखान्याचं बिल कोण भरतं, आणि त्या बिलात नर्स कुठे असते?

बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलंय: अमेरिकेतली आरोग्यसेवा सरकारी की खासगी? पेशंटचे पैसे नक्की कोण भरतं? आणि तिथली नर्स आपल्या वॉर्डातल्या सिस्टरपेक्षा वेगळं काय करते? तिला पुढे तिकडे जायचंही आहे.

मी मुंबईत शिकले, तिथल्याच एका सरकारी रुग्णालयात नोकरी केली आणि आता बरीच वर्षं अमेरिकेत नर्स आहे. आधी मेडिकल-सर्जिकल वॉर्डात होते, सध्या केस मॅनेजर आहे, म्हणजे पेशंटच्या डिस्चार्जची आणि पुढच्या सोयीची आखणी करणारी नर्स. केस मॅनेजर नर्सचा अर्धा दिवस पैशांचे गुंते सोडवण्यात जातो, म्हणून उत्तर पैशापासूनच सुरू करते. पैसा कुठून कसा येतो हे कळलं की तिथली नर्स जे करते ते का करते हेही कळतं.

सरकारी की खासगी, याचं उत्तर असं की इमारती बहुतेक खासगी आणि पैसा बराचसा सरकारी. सर्वसाधारण रुग्णालयांपैकी निम्म्याहून जास्त ना-नफा संस्थांची आहेत. काही नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांची (नॅशव्हिलची एचसीए त्यांतली सगळ्यात मोठी), काही राज्यांची किंवा काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). केंद्र सरकार स्वतः रुग्णालयं चालवतं ती मुख्यतः माजी सैनिकांसाठी, लष्करासाठी आणि मूळ रहिवासी जमातींसाठी. सगळ्यांना मिळेल असं सिव्हिल हॉस्पिटल प्रत्येक जिल्ह्यात असेल, ही कल्पना डोक्यातून काढा. गरिबांसाठी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स आहेत, तिथे उत्पन्न बघून फी घेतात, पण तिथे ओपीडी असते, बेड नसतात.

खर्च प्रचंड आहे. २०२३ मध्ये देशाने आरोग्यावर ४.९ लाख कोटी डॉलर खर्च केले, माणशी सुमारे १४,५७० डॉलर, म्हणजे एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) १७.६ टक्के. एवढं करून त्या वर्षी सुमारे २ कोटी ६० लाख लोकांकडे कुठलाच विमा नव्हता.

निम्म्याहून अधिक लोकांचा विमा नोकरीतून येतो. हे कुणी बसून आखलेलं नाही, घडत गेलं. १९२९ साली डॅलसच्या बेलर रुग्णालयाने तिथल्या शिक्षकांना सांगितलं की महिन्याला ५० सेंट द्या, वर्षाला २१ दिवस रुग्णालयात फुकट राहा. त्यातून पुढे ब्लू क्रॉस ही आरोग्य विमा योजना उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढ गोठवली, पण विम्यावर बंधन घातलं नाही. मग माणसं टिकवायला मालकांनी विमा देऊ केला. १९५४ च्या कर कायद्याने मालकाच्या हप्त्यावरची करसवलत पक्की झाली आणि विमा नोकरीला कायमचा चिकटला. २०२४ मध्ये नोकरीतल्या कौटुंबिक पॉलिसीचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातले साधारण ६,३०० कर्मचारी भरतो, बाकी कंपनी. नोकरी गेली तर कोब्रा नावाच्या कायद्याने तीच पॉलिसी सहसा १८ महिने चालू ठेवता येते, पण मग पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के आपल्या खिशातून. पगार थांबलेल्या महिन्यात दोन हजार डॉलरचा हप्ता भरायला सांगणं ही कसली सोय, असं मला नेहमी वाटतं.

हप्ता भरला म्हणजे उपचार फुकट, असंही नाही. समजा पॉलिसीत डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम) २,००० डॉलर आहे, त्यापुढच्या खर्चात पेशंटचा वाटा २० टक्के आणि वर्षाची कमाल मर्यादा ५,०००. अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा विमा कंपनीने मान्य केलेला दर २०,००० निघाला. पहिले २,००० पेशंटचे, उरलेल्या १८,००० चे २० टक्के म्हणजे ३,६००, एकूण ५,६००. पण मर्यादा ५,००० ची, म्हणून पेशंट ५,००० वर थांबतो. हे गणित रुग्णालय नेटवर्कमधलं, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं, असेल तेव्हाचं. नेटवर्कबाहेर गेलात की हिशेबच वेगळा. पूर्वी रुग्णालय नेटवर्कमधलं आणि भूल देणारा डॉक्टर बाहेरचा निघायचा, त्याचं बिल महिन्याभराने घरी यायचं. जानेवारी २०२२ पासून 'नो सरप्राइजेस' कायद्याने तो प्रकार बऱ्यापैकी थांबवला. रस्त्यावरच्या अँब्युलन्सचं बिल मात्र त्यातून सुटलंय.

म्हातारपणी मेडिकेअर. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी जाऊन माजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या शेजारी बसून मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन्हींवर सही केली. मेडिकेअर ६५ वर्षांवरच्यांसाठी, काही अपंगांसाठी आणि किडनी निकामी झालेल्यांसाठी. पार्ट ए रुग्णालयाचा, पार्ट बी डॉक्टर आणि ओपीडीचा, पार्ट डी औषधांचा. पार्ट सी म्हणजे मेडिकेअर अॅडव्हान्टेज: सरकार खासगी विमा कंपनीला माणशी ठरावीक रक्कम देतं आणि कंपनी तुमचं सगळं बघते. आता निम्म्याहून जास्त ज्येष्ठ या पार्ट सी मध्ये आहेत. जिम, दात, चष्मा अशा आमिषांच्या जाहिराती शरद ऋतूत टीव्हीवर सतत चालू असतात. तब्येत ठणठणीत असेपर्यंत योजना छान वाटते. पेशंटला रिहॅबला (आजारानंतर व्यायाम-उपचारांनी पुन्हा उभं करणाऱ्या केंद्रात) पाठवायची वेळ आली की तिची खरी ओळख आम्हाला होते, त्याबद्दल पुढे.

मेडिकेड गरिबांसाठी. पैसा केंद्राचा आणि राज्याचा मिळून, कारभार राज्याचा, त्यामुळे राज्य बदललं की नियम बदलतात. देशातल्या दर दहा बाळंतपणांपैकी चारांचा खर्च मेडिकेड उचलतं आणि नर्सिंग होममध्ये कायमच्या राहणाऱ्यांपैकी बहुतेकांचाही. तिथे नर्सिंग होम म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचं ठिकाण, आपल्यासारखं डॉक्टरचं छोटं रुग्णालय नव्हे. मध्यमवर्गीय माणूस तिथे गेला की आधी स्वतःची शिल्लक संपवतो आणि मग मेडिकेडमध्ये बसतो. २०१० च्या ओबामा यांच्या कायद्याने मेडिकेड सगळ्याच गरीब प्रौढांना मिळणार होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. टेक्सस, फ्लोरिडा, जॉर्जिया अशा दहा राज्यांनी तो अजून स्वीकारलेला नाही. आजार आधीपासून आहे म्हणून विमा नाकारायचा नाही आणि मुलांना २६ व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या पॉलिसीवर ठेवायचं, हे मात्र त्याच कायद्याने देशभर लागू केलं.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते.

१९८३ पर्यंत मेडिकेअर रुग्णालयाला झालेल्या खर्चाप्रमाणे पैसे द्यायचं. पेशंट जितके दिवस राहील तितकं चांगलं. त्या वर्षी पद्धत पालटली आणि निदानानुसार ठरावीक रक्कम आली. न्यूमोनियाचा पेशंट तीन दिवसांत घरी गेला काय किंवा सात दिवसांत, रक्कम साधारण तीच. तेव्हापासून रुग्णालयाचं सगळं लक्ष पेशंट किती लवकर आणि किती सुरक्षित बाहेर पडेल याकडे लागलं. 'सुरक्षित' हा भाग ज्यांच्यावर आला त्या नर्सेस. माझी केस मॅनेजरची जागा त्यातूनच जन्माला आली. पेशंट ॲडमिट झाला त्याच दिवशी मी डिस्चार्जचं बोलायला लागते. घरी जिने किती, स्वयंपाक कोण करतं, इन्सुलिन कोण टोचणार, वॉकर लागेल का. आपल्याकडचे लोक पहिल्यांदा ऐकतात तेव्हा रागावतात, आत्ताच आले आणि ही हाकलते!

पण एक गोष्ट या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि ती नर्सिंगच्या पुस्तकात क्वचितच सापडते. रुग्णालयातल्या उपचारांची जी बिलं येतात त्यांत सर्जनचं नाव असतं, भूलतज्ज्ञाचं असतं, एक्स-रेची, गोळ्यांची, कधीकधी सलाइनच्या नळीचीसुद्धा ओळ असते. नर्सची ओळ नसते. चोवीस तास दिलेली शुश्रूषा 'रूम' या एका रकमेत मुरलेली असते. म्हणजे हिशेबाच्या वहीत डॉक्टर उत्पन्नाच्या बाजूला आणि रजिस्टर्ड नर्स खर्चाच्या बाजूला, तोही सगळ्यात मोठ्या खर्चाच्या. पैसे कमी पडले की व्यवस्थापनाची नजर पहिल्यांदा कुठे जाते, हे वेगळं सांगायला नको.

हे नेहमीच असं नव्हतं. न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीटवर घरोघरी जाणाऱ्या नर्सेसची संस्था काढणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी १९०९ मध्ये मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीला पटवलं की तुमच्या पॉलिसीधारक कामगारांच्या घरी नर्स पाठवा, माणसं कमी मरतील, तुमचे दावे कमी होतील. कंपनीने नर्सच्या भेटीचे पैसे दिले आणि ही सेवा चाळीसेक वर्षं चालली. नर्सच्या कामाला स्वतंत्र किंमत लावता येते, हे तेव्हा सिद्ध झालं होतं.

आज ती किंमत लागते, पण उलट्या बाजूने. ऑक्टोबर २००८ पासून रुग्णालयात झालेला खोल बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम), पडून झालेली इजा, कॅथेटरमुळे झालेला संसर्ग यांच्या उपचाराचे जादा पैसे मेडिकेअर देत नाही. २०१२ पासून हार्ट फेल्युअर, न्यूमोनिया अशा काही आजारांचे पेशंट ३० दिवसांत वाजवीपेक्षा जास्त प्रमाणात परत आले तर रुग्णालयाच्या मेडिकेअरच्या रकमेत ३ टक्क्यांपर्यंत कपात होते. पेशंटला घरी गेल्यावर सर्व्हे येतो: नर्सेसनी तुमचं लक्षपूर्वक ऐकलं का, समजेल असं सांगितलं का? त्याचे गुणही पैशाला जोडलेले आहेत. दर दोन तासांनी कूस बदलणं, कॅथेटर एक दिवस आधी काढणं, डिस्चार्जच्या वेळी पेशंटकडून औषधं परत वदवून घेणं, या कामांची कमाई वहीत दिसत नाही. ती न केल्याचा दंड मात्र दिसतो. मला हे अन्यायाचं वाटतं. पण खरं सांगायचं तर दंडाच्या भीतीनेच बऱ्याच ठिकाणी बेडसोरची गादी आणि लिफ्टिंगचं मशीन आलं.

म्हणून नर्सेसची तिथली मोठी लढाई पगारापेक्षाही प्रमाणाची आहे: एका नर्सकडे किती पेशंट? कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून तो अमलात आणला. आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त दोन पेशंट, मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पाच. २०२३ मध्ये ऑरेगॉननेही कायदा केला. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ साली लोकांनी मतदानात असाच प्रस्ताव फेटाळला. बहुतेक राज्यांत आकड्याचं बंधन नाही आणि रात्री सहा-सात पेशंट मिळणं नवल नाही. आपल्या सरकारी वॉर्डात चाळीस पेशंट सांभाळलेल्या बाईला सहा म्हणजे चैन वाटेल. मलाही पहिल्या आठवड्यात वाटली होती. फरक असा की तिथे पेशंटजवळ नातेवाईक नसतो. पाणी देणं, बेडपॅन, अंग पुसणं, भरवणं, उठवून चालवणं, आपल्याकडे नातेवाईकांवर सोडलेलं हे सगळं काम तिथे नर्स आणि तिची सहायक करतात. शिवाय प्रत्येक गोळीला बारकोड स्कॅन आणि प्रत्येक गोष्टीची कॉम्प्युटरवर नोंद.

पायऱ्या अशा आहेत. सर्वांत खाली सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट. केंद्राच्या नियमाने किमान ७५ तासांचं प्रशिक्षण, आणि नर्सिंग होमचा सगळा भार तिच्या पाठीवर. मग साधारण वर्षभराचं शिक्षण घेतलेली एलपीएन, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. मग रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन, दोन-तीन वर्षांच्या पदविकेने किंवा चार वर्षांच्या बीएस्सीने. पदविकावाली असो की बीएस्सीवाली, आरएनच्या लायसन्सची परीक्षा एकच, एनक्लेक्स. आरएनच्या देशभरात सुमारे ३३ लाख नोकऱ्या आहेत आणि मे २०२४ मध्ये मध्यम वेतन वर्षाला ९३,६०० डॉलर होतं. लायसन्स राज्याचं, चाळीसहून जास्त राज्यांनी आपसात करार केल्यामुळे एका लायसन्सवर बाकीच्या राज्यांत काम करता येतं, पण कॅलिफोर्निया त्यात नाही.

आरएनला प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही, पण ऑर्डर चुकीची वाटली तर ती थांबवणं हे तिचं कर्तव्य धरलं जातं. रात्री दोनला डॉक्टरला उठवून "पोटॅशियम कमी आहे, हे औषध मी देत नाही" असं म्हणायला मला सुरुवातीला फार जड गेलं. आपल्याकडे वाढलेल्या नर्सला 'सर' म्हणायची सवय असते. तिथे मात्र औषध दिलं आणि काही झालं, तर "डॉक्टरांनी लिहिलं होतं" हे उत्तर नर्सिंग बोर्डापुढे चालत नाही.

आरएनच्या वर नर्स प्रॅक्टिशनर, भूल देणारी नर्स ॲनेस्थेटिस्ट, बाळंतपण करणारी नर्स मिडवाइफ. नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला कार्यक्रम १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केला. ती तपासते, निदान करते, औषध लिहिते. साधारण निम्म्या राज्यांत डॉक्टरच्या देखरेखीशिवाय. टेक्ससमध्ये डॉक्टरशी लेखी करार लागतो. मुख्य म्हणजे तिचं बिल निघतं. मेडिकेअर तिला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं. वहीत ती खर्चाच्या बाजूने उत्पन्नाच्या बाजूला सरकली, आणि रुग्णालयं तिला इतक्या उत्साहाने का घेतात याचं एक मोठं कारण हेच आहे. अनुभवी आरएन बेडपासून उठून पुन्हा शिकायला जातात त्यामागेही.

माझ्या कामाकडे परत येते, कारण तिथे पैसा आणि नर्स समोरासमोर बसतात. आपल्याकडे कॅशलेससाठी टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारी संस्था) प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरीचा अर्ज, जातं आणि "क्वेरी आली" म्हणून पेशंट ताटकळतो, तसंच तिथे, फक्त पावलोपावली. पक्षाघात झालेल्या आजोबांना रिहॅबला पाठवायचं असेल तर मी कागद पाठवते. पलीकडे विमा कंपनीत ते वाचणारीही नर्सच असते, बहुधा माझ्यासारखीच वॉर्डातून उठून गेलेली. नकार आला तर आमचा डॉक्टर त्यांच्या डॉक्टरशी फोनवर बोलतो, तोही नाही म्हणाला तर अपील. मेडिकेअर अॅडव्हान्टेजवाल्या पेशंटचे यात दिवस जातात आणि तोवर ते बेडवर अशक्त होत राहतात.

साध्या मेडिकेअरमध्ये वेगळाच सापळा. रिहॅबचे पैसे मिळायला आधी तीन दिवस 'इनपेशंट' असावं लागतं. पण पेशंट बेडवर झोपलेला, हाताला सलाइन, तरी कागदोपत्री 'ऑब्झर्व्हेशन' असू शकतो, म्हणजे ओपीडीचा. पडून कटीच्या हाडाला तडा गेलेल्या, ऑपरेशन न लागणाऱ्या आजीबाईंच्या बाबतीत हे नेहमी होतं: दोन रात्री ऑब्झर्व्हेशन, एक रात्र इनपेशंट, रिहॅबचे सगळे पैसे खिशातून. तीन दिवस भरले असते तर पहिले २० दिवस फुकट आणि पुढचे १०० व्या दिवसापर्यंत रोज साधारण २१० डॉलर (२०२५ चा दर) भरून मिळाले असते. तुमचे कुणी तिथल्या रुग्णालयात असतील तर पहिल्याच दिवशी विचारा, "इनपेशंट की ऑब्झर्व्हेशन?"

आपल्या लोकांशी याचा संबंध येतो तो मुलांकडे आलेल्या आईवडिलांमुळे. ग्रीन कार्डावर आलेल्या ६५ वर्षांवरच्यांना, स्वतःची किंवा जोडीदाराची तिथली नोकरी नसेल तर, पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही मिळत नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांच्या स्वस्त पॉलिसीत प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम असते, आयसीयूचं बिल तिच्या कितीतरी पुढे जातं. जुना मधुमेह-बीपी बहुतेक वगळलेलंच असतं. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीत कुणालाही तपासून स्थिर करावंच लागतं, पण बिल माफ होत नाही. ना-नफा रुग्णालयाला करसवलतीसाठी लेखी आर्थिक मदत योजना ठेवावी लागते. बिल आलं की आधी ओळीनिहाय बिल मागा, मग त्या योजनेचा फॉर्म. लाजू नका, रोज माणसं मागतात.

आणि तुमच्या जाण्याबद्दल. बीएस्सी किंवा जीएनएम (नर्सिंगची पदविका) असेल तर एनक्लेक्सच्या वाटेला लागता येतं; एएनएम या त्याखालच्या कोर्सवर आरएन होता येत नाही. कागदपत्रांची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा, व्हिसास्क्रीन (परदेशी नर्सच्या पात्रतेचा व्हिसासाठीचा दाखला) आणि मग नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाची रांग, जी भारतीयांसाठी अनेक वर्षांची आहे. एच-वन-बी हा नोकरीचा तात्पुरता व्हिसा साध्या वॉर्ड नर्सला सहसा मिळत नाही. "सहा महिन्यांत पाठवतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. करारात बाँड किती वर्षांचा आणि आधी सोडलं तर किती दंड, ते वकिलाकडून वाचून घ्या. मुलाखतीला बसाल तेव्हा पगाराच्या आधी विचारा: रात्री एका नर्सकडे किती पेशंट, मजल्यावर असिस्टंट किती, चार्ज नर्सलाही (पाळीची प्रमुख नर्स) पेशंट देतात का, आणि दुसऱ्या वॉर्डात माणूस कमी पडलं की नव्या मुलीला तिकडे पाठवतात का. उत्तर देताना मॅनेजर घुटमळली तर दुसरं रुग्णालय बघा.